देवाधर्माचं वाक्य कसं तपासावं

मी म्हापशात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सासर पेडणे तालुक्यातलं. आमच्या घराकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मागणं मांडायचा, मान आहे; म्हणजे दिवसभर ‘रिपोर्ट कुठे आहे?’ आणि सणासुदीला ‘व्हय म्हाराजा’. दोन्हीकडचं बोलणं कानावरून जात असल्याने घरातले वाद शेवटी माझ्या पुढ्यात येऊन पडतात.

हल्लीचा वाद पुतण्याने काढलाय. तो फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो. त्याचं म्हणणं, “काकी, ज्या वाक्याला पुरावा असूच शकत नाही, ते खोटंसुद्धा नसतं. त्याला अर्थच नसतो. गाऱ्हाणं म्हणजे नुसता आवाज.” भावोजींचं म्हणणं, श्रद्धेच्या जागी पुरावा मागणं हाच उद्धटपणा. एक जण प्रत्येक वाक्य लॅबला पाठवणार, दुसरा एकही पाठवू देणार नाही. दोघांनाही मी सांगते ते हे, की आधी वाक्य हातात घेऊन ते काय काम करतंय ते बघा. पुरावा मागायचा की नाही, आणि मागायचा तर कुठल्या प्रकारचा, हे त्यानंतर ठरतं. ते कसं बघायचं ते खाली लिहिते.

आधी एक धोंड बाजूला करा

पुतण्याचं म्हणणं त्याचं स्वतःचं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात व्हिएन्नातल्या काही विचारवंतांनी ते मांडलं आणि 1936 साली ए. जे. एअर या पंचविशीतल्या इंग्रज तरुणाने एका छोट्या पुस्तकातून गाजवलं. गणिता-तर्काची वाक्यं सोडली, तर ज्या वाक्याचा खरेखोटेपणा अनुभवाने तपासता येत नाही, ते निरर्थक. ऐकायला चोख वाटतं. पण हाच नियम त्या नियमाला लावून बघा. कुठल्या अनुभवाने तपासणार तो? शिवाय एअर प्रामाणिक होता. ‘देव आहे’ निरर्थक असेल तर ‘देव नाही’ हेही तितकंच निरर्थक, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं. हे सांगितल्यावर आमच्या नास्तिक पोराचा चेहरा जरा उतरला. चाळीसेक वर्षांनी एका टीव्ही मुलाखतीत एअरने त्या विचारातलं जवळजवळ सगळंच चुकीचं होतं, असं कबूल केलं.

आपल्याकडे हा वाद त्याहून कितीतरी जुना आहे. मंत्रांना अर्थ नसतो असं म्हणणाऱ्या कौत्साचं मत यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या त्याच्या प्राचीन ग्रंथात, नोंदवलंय आणि त्याला उत्तरही दिलंय. वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते ठरवणाऱ्या मीमांसकांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. वेद जर कर्म सांगण्यासाठी आहे, तर ‘वायू ही सर्वांत वेगवान देवता’ असल्या वाक्यांचं काय करायचं? त्यात करण्यासारखं काहीच सांगितलेलं नाही, म्हणजे ती फुकट? त्यांच्या सूत्रांचा कर्ता जैमिनी याने हा आक्षेप आधी स्वतःच मांडला आणि मग सांगितलं, की ती सुटी वाचू नका. शेजारी जो विधी सांगितलाय त्याची ती स्तुती आहे. त्या विधीला जोडून वाचा, अर्थ लागतो. मला हे उत्तर एअरच्या प्रश्नापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं, कारण ते वाक्याचे शेजारीपाजारी बघायला शिकवतं.

कोण, कुणाला, कधी

हेच पहिलं काम. सुटं वाक्य तपासायला घेऊच नका.

2025 च्या मे महिन्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि माणसं गेली. अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘देवीची इच्छा’. ज्या घरातला पोर गेला त्या घरातल्या आईने ते म्हटलं, तर ती काही कारणमीमांसा करत नसते. कोसळू नये म्हणून ती कुठेतरी हात टेकते आहे. तिथे ‘पुरावा काय’ विचारणारा मूर्ख तरी, किंवा निर्दय तरी. तेच वाक्य बंदोबस्त आखणाऱ्याने म्हटलं, तर मात्र ते थेट कारणाबद्दलचं विधान झालं. उतार किती होता, वाट किती रुंद होती, दोऱ्या कुठे बांधल्या होत्या, या प्रश्नांच्या जागी ते येऊन बसतं. तिथे पुरावा मागायलाच हवा, आणि आवाज चढवून मागायला हवा.

अक्षरं तीच, कामं दोन. म्हणून वाक्य कागदावर उतरवलंत तर बाजूला बोलणाऱ्याचं नाव, ऐकणाऱ्याचं नाव आणि प्रसंगही लिहा.

वाक्य मोडून बघा

दुसरं काम थोडं रेंगाळून करायचं आहे. वाक्य चुकू शकतं का, ते बघायचं. चुकत असेल तर कसं चुकतं?

आमचं गाऱ्हाणंच घ्या. भावोजी नारळ हातात धरून देवासमोर उभे राहतात. मागे गाव. आधी स्थळाच्या देवाला हाक, मग राखणदाराला, मग एकेक मागणं. केलेली सेवा मान्य करून घे. चुकला-माकला पदरात घे. वाड्यावाड्यावरची गुरंढोरं, पोरंबाळं सांभाळ. जो आखातात आहे, जो बोटीवर आहे, त्याला सुखरूप घरी आण. प्रत्येक मागण्यामागे सगळ्यांचा एकच आवाज, “व्हय म्हाराजा!”

यातलं एकही वाक्य खरं नाही की खोटं नाही. ‘सांभाळ’ हे विधानच नव्हे. पण चुकायचं म्हटलं तर त्यात चुकायला खूप जागा आहे. एखादा वाडा राहून गेला तर त्या वाड्यावरचा म्हातारा मोठ्याने खाकरतो आणि भावोजी मुकाट्याने मागे येऊन त्या वाड्याचं नाव घेतात. नुसत्या आवाजात असं काही राहून जात नाही.

पुतण्या हुशार आहे. तो म्हणाला, “काकी, पासवर्डसुद्धा चुकतो. म्हणून त्याला अर्थ असतो?”

प्रश्न खरा आहे, आणि त्यावर मला थांबून विचार करावा लागला. फरक असा, की पासवर्डमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की संपलं. गाऱ्हाण्यात भावोजी दर वेळी शब्द बदलतात. कधी ‘सांभाळ’, कधी ‘राखण कर’, कधी घाईत अर्धंच. कोणी हरकत घेत नाही. हरकत कधी येते, तर माणूस सुटला की, किंवा नको ते मागितलं की. म्हणजे चूक अक्षराची नसते, आशयाची असते. एकच आशय वेगवेगळ्या शब्दांत सांगता येत असेल आणि तो चुकलेला ऐकणाऱ्याला कळत असेल, तर तिथे अर्थ नाही असं म्हणायला मी तयार नाही. (ज्या मंत्रात एक मात्राही हलवता येत नाही, त्याची गोष्ट वेगळी. कौत्साचं बोट तिथेच होतं, आणि त्याचं म्हणणं मला साफ टाकाऊ वाटत नाही.)

नवसाचंही असंच. सासूबाई म्हापशाच्या बोडगेश्वराला नवस बोलतात. नवस बोलणं म्हणजे एखादी माहिती देणं नव्हे, शब्द देणं. जे. एल. ऑस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने 1955 साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हेच नीट मांडलं, की कितीतरी वाक्यं काही सांगत नाहीत, काही करतात. वचन, पैज, नामकरण, माफी. त्यांना खरं-खोटं लागू होत नाही. नीट झालं की फसलं, पाळलं की मोडलं, हे लागू होतं. नवस फेडला की नाही ते मात्र अख्ख्या वाड्याला दिसतं.

विधान सापडलं तर लॅबला पाठवा

पण सगळंच मागणं आणि वचन नसतं. पुष्कळ वाक्यं जगाबद्दल सरळसरळ काहीतरी सांगतात. इथे भावोजींचं मी ऐकत नाही.

त्यातली काही तर उलट पुराव्यावर भक्कम उभी असतात, आणि आपणच त्यांना भाविक बोलणं समजून सोडून देतो. ‘मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला’ हे वाक्य ऐकणाऱ्याला दंतकथा वाटेल. पण पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा भक्तांनी 1560 च्या सुमाराला तो देव झुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, नेला, हा इतिहास आहे. ‘देवाने स्वतःच ही जागा निवडली’ हा त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग, आणि त्याला कागद नाही. दोन भाग वेगळे करा. एकाचा पुरावा दुसऱ्याला उसना देऊ नका, एकाची उणीव दुसऱ्यावर लादू नका.

आता कौल. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावतात, प्रश्न विचारतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कौल दोन कामं करतो आणि घोळ तिथेच होतो. गावात एखाद्या गोष्टीवर दोन तट पडले, दोन्ही बाजूंचं म्हणणं सारखंच रास्त आहे, आणि कौल लावून निकाल घेतला, तर तो भविष्यवाणी नसतो, निवाडा असतो. सगळ्यांनी मानला की तो लागू झाला. त्याला पुरावा लागत नाही. पण ‘गाठीची तपासणी करावी का?’ असा कौल लावला, तर विचारलेला प्रश्न गाठीबद्दलचा आहे, आणि गाठ कौल मानत नाही. उजवा कौल मिळेपर्यंत तपासणी थांबवलेली बाई मी आमच्या काउंटरवर पाहिली आहे. त्या दिवसापासून या फरकाबद्दल मी भिडस्तपणा सोडलाय.

विधान तपासायचं कसं, तर लॅबमध्ये किट तपासतो तसं. डेंगूच्या किटची नवी पेटी आली की आम्ही त्यावर आधी असा नमुना घालून बघतो, ज्यात डेंगू नाही हे आम्हाला ठाऊक असतं. त्यावरही पॉझिटिव्हची रेषा उमटली तर अख्खी पेटी बाद. जे किट कशालाही ‘हो’ म्हणतं, त्याच्या ‘हो’ला किंमत नाही. ‘नवस केला की काम होतं’ हे विधान या कसोटीवर धरा. काम झालं, तर देव पावला. झालं नाही, तर श्रद्धा कमी पडली. श्रद्धा भरपूर होती, तर न झालेलंच तुमच्या भल्याचं होतं. आता मला सांगा, कुठल्या परिस्थितीत हे विधान चुकीचं ठरलं असतं? अँटनी फ्लू या तत्त्वज्ञाने 1950 च्या सुमाराला आस्तिकांना नेमकं हेच विचारलं होतं, की अशा पळवाटा काढत गेलात तर मूळ विधानात उरतं काय? माझं मत, विधान म्हणून काही उरत नाही. तेच वाक्य आधार म्हणून, किंवा जे येईल ते सोसण्याची तयारी म्हणून उरू शकतं. मग ते त्याच नावाने पुढे आणा.

शिरगावच्या अग्निदिव्याबद्दल थोडक्यात. धोंड, म्हणजे लईराईचं व्रत धरलेले भक्त, निखाऱ्यांवरून जातात. निखाऱ्यातून उष्णता सावकाश वाहते आणि पाय क्षणभरच टेकतो, त्यामुळे झपाझप चालणारा बहुधा वाचतो. रेंगाळला तर भाजतो, भक्त असो वा नसो. त्यामुळे ‘पाय भाजले नाहीत, म्हणजे देवी आहे’ ही तपासणी बाद. धोंडांनी पाळलेलं व्रत मात्र याने बाद होत नाही. ते पायाच्या कातडीवर अवलंबून नव्हतंच.

मधली वाक्यं

आता खरं अवघड. ‘मिलाग्रीस सायबीण (म्हापशाच्या चर्चमधली मेरीमाता) ही लईराईची बहीण’ हे म्हापसा-डिचोली भागात सगळ्यांना ठाऊक असलेलं वाक्य. सात बहिणी आणि एक भाऊ. लईराई शिरगावला, केळबाय मुळगावला, महामाया मयेला, मोरजाई मोरजीला; आणि मिराबाय म्हापशाला गेली, ती मिलाग्रीस झाली. बाकीच्या नावांची यादी गावागणिक बदलते आणि ती दुरुस्त करायला कोणी जात नाही. यावरूनच कळतं, की ही वंशावळीची नोंद नाही. वंशावळ असती तर जमिनीच्या कागदांसारखे खटले चालले असते.

मग ती काय आहे? ईस्टरनंतरच्या फेस्ताला 1594 साली उभ्या राहिलेल्या त्या चर्चमध्ये जाऊन बघा. सासूबाई घरून तेलाची बाटली नेतात, बुचाला फडक्याचा तुकडा गुंडाळलेला, नाहीतर पिशवीत तेल सांडतं. रांगेत पुढे पाव-पदेराच्या घरची ख्रिस्ती बाई, मागे डिचोलीची गावडा बाई. कोणी कोणाला ‘तू इथे कशी’ विचारत नाही, कारण बहिणीच्या घरी जायला कारण लागत नाही. ते वाक्य हे सगळं वागणं उचलून धरतं. आर. बी. ब्रेथवेट हा विज्ञानाचा तत्त्वज्ञ 1955 मध्ये म्हणाला होता, की धार्मिक विधान म्हणजे एका विशिष्ट तऱ्हेने जगण्याचा निश्चय आणि त्याला बळ देणारी गोष्ट. आमच्या बहिणींना हे इतकं चपखल बसतं, की तो फेस्ताला आला होता की काय असं वाटावं.

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “गोष्ट कसली गो? ती बहीणच.”

म्हणून इथे सावध राहा. भाविकाच्या वाक्यातून निश्चय आणि गोष्ट काढून घेतली, की तळाशी अजून काहीतरी उरतं. तिकडे कोणीतरी खरंच आहे, आणि ऐकतंय, हे. त्याला ‘तुम्हाला तसं म्हणायचंच नाहीये’ असं आपण समजावू लागलो तर तो सौजन्याचा आव असतो, आत मात्र अपमान. तसं म्हणायचंच असतं त्यांना. हा तळ निरर्थक आहे का? मला नाही वाटत. सासूबाई म्हणतात कोणीतरी ऐकतंय, पुतण्या म्हणतो कोणी ऐकत नाही. दोघे एकाच गोष्टीवर भांडतायत आणि एकमेकांचं त्यांना पुरतं कळतंय. अर्थच नसता तर नाकारलं कशाला असतं? पुरावा मात्र माझ्याकडे नाही, आणि असल्याचा रिपोर्ट मी छापणार नाही. वाक्याला अर्थ आहे का, ते खरं आहे का, ते खरं असल्याचं दाखवता येतं का, हे तीन रकाने आहेत. पुतण्या तिसरा रिकामा दिसला की पहिल्यावर काट मारतो. भावोजी पहिला भरलेला दिसला की तिसऱ्यावरही सही करून टाकतात.

कोलांटउडी पकडा

सगळ्यात जास्त नुकसान मागणं, विधान किंवा मधलं वाक्य यांपैकी कशाने होत नाही, तर मध्येच काम बदलणाऱ्या वाक्याने होतं. ‘हा विधी केला की रोग जातो’ असं सांगून पैसे घेताना ते विधान असतं. रोग गेला नाही आणि तुम्ही जाब विचारलात, की ते अचानक ‘श्रद्धेचा विषय’ होतं. हे पकडायला तत्त्वज्ञान लागत नाही. पैसे किंवा होकार देण्याआधीच विचारून ठेवा, “हे झालं नाही तर तुम्ही काय म्हणणार?” उत्तर लिहून घ्या. लिहून द्यायला जो नकार देईल, त्याचं वाक्य कुठल्या प्रकारचं आहे ते तुम्हाला कळलंच.

दुसऱ्या बाजूलाही ही उडी असते. एखादा म्हणतो, “मी फक्त पुराव्यावर चालतो”, आणि लगेच पुढे, “माणसाने माणसाशी माणसासारखं वागावं.” या दुसऱ्या वाक्याला कुठल्या लॅबचा रिपोर्ट आहे? पुतण्याला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, तो वेगळा मुद्दा आहे. वेगळा आहे खरा, फक्त मला हवा तोच आहे.

स्वतःवर आलं तर

शेवटचा प्रश्न पुतण्याचाच, आणि तो मला पुष्कळ जणांनी विचारलाय. मी मानत नाही, तर गाऱ्हाण्यात ‘व्हय म्हाराजा’ म्हणू की नको? खोटं बोलल्यासारखं होतं ना?

मागणं ऐका आणि एकेकाला वेगळं उत्तर द्या. ‘बोटीवरच्या पोरांना सुखरूप आण’ याला ‘व्हय’ म्हणणं म्हणजे, ती सुखरूप यावीत असं मलाही वाटतं आणि हे मी सगळ्यांसमोर म्हणायला तयार आहे. त्यात ऐकणारा आहे की नाही यावर तुम्ही सही केलेली नाही. तसं म्हणताना अडखळायला होत असेल, तर नुसते उभे राहा, उभं राहण्यालाही तिथे मोल आहे. पण गाऱ्हाण्यात कधीकधी कुणाचं वाईट चिंतणारं वाक्य येतं, गावाच्या वाकड्यात गेलेल्याला धडा शिकव, या धर्तीचं. तिथे आस्तिकानेही तोंड बंद ठेवावं. मी ठेवते. देव ऐको न ऐको, तो माणूस बहुतेक वेळा मागच्या रांगेत उभा असतो आणि त्याला व्यवस्थित ऐकू जातं. गेल्या खेपेला त्या वाक्यावर आवाज जरा बारीक आला, तेव्हा भावोजींनी मागे वळून पाहिलं आणि पुढच्या मागण्याला हात घातला.